घासून आणलेली चकाकी : मोटारीचा रंग, ड्युको आणि रबिंग कंपाऊंडचा इतिहास

मंडळी, आजचा धागा मोटारीच्या रंगाविषयी आहे. त्यातही तो रंग लावण्याविषयी कमी आणि घासण्याविषयी अधिक. विषय गॅरेजचा वाटेल, पण थोडा धीर धरावा. वाटेत न्यूटन भेटेल, पहिले महायुद्ध भेटेल आणि शेवटी आपल्या संग्रहातील शिवराईसुद्धा.

बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून एका बाजूवर बफिंग मशीन फिरवल्याचे व्हिडिओ आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पट्टी काढली की एक अर्धा भाग धुरकट, कोळिष्टकासारख्या बारीक ओरखड्यांनी भरलेला दिसतो आणि दुसऱ्यात वरचे आभाळ स्वच्छ उमटते. मशीनच्या लोकरी पॅडवर पांढऱ्या मलमासारखा जो पदार्थ लावलेला असतो, ते कंपाऊंड. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला नुसते 'रबिंग' म्हणतात. डब्यावर बहुधा 'फास्ट कट' असे शब्द असतात, म्हणजे भराभर कापणारे. दिसायला मलम आणि नाव कापणाऱ्या हत्याराचे. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चोपडणे अशी आपली समजूत असते. हा शब्द मात्र सांगतो की येथे काहीतरी काढून टाकले जात आहे. मग चकाकी नेमकी येते कुठून? भर घातल्याने, की वजाबाकीने? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर विज्ञानात अडीचशे वर्षे वाद चालला. पण आधी मोटारीकडे जाऊ.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेल्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांचा रंगही बग्गीचाच होता. जवसाच्या तेलात खललेले रंग, त्यावर तेल आणि राळ यांचे व्हार्निश. अस्तराचे हात, मग रंगाचे हात, मग व्हार्निशचे हात. प्रत्येक हात वाळायला दिवसचे दिवस लागत आणि दोन हातांच्या मध्ये सगळा पृष्ठभाग पाण्याने ओला करून घासावा लागे. तेलाचे व्हार्निश हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते. त्याला घाई करता येत नाही. एक गाडी रंगून बाहेर पडायला तीन-चार आठवडे सहज जात. तोवर ती धूळ नसलेल्या, छप्पर असलेल्या जागेत उभी ठेवायची. दिवसाला दोन बग्ग्या करणाऱ्या कारखान्याला हे परवडे. दिवसाला हजार मोटारी काढू पाहणाऱ्याला त्यासाठी एकरांनी छप्पर घालावे लागे.

घासायची साधने निसर्गाने दिलेली होती. इटलीच्या लिपारी बेटांवरचा प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीतून फेसाळून आलेला सच्छिद्र दगड, ज्याचे तुकडे टाचा घासायला आजही बाजारात मिळतात. त्याची वस्त्रगाळ पूड जाड फेल्टवर घेऊन पाण्याबरोबर घासत. त्याहून बारीक हात हवा असेल तर ट्रिपोली किंवा रॉटनस्टोन या मऊ, सिलिकायुक्त मातीसारख्या पुडी. आणि कठीण कामाला ग्रीसमधील नॅक्सॉस बेटावरची एमरी. एमरीचा कापणारा घटक म्हणजे कोरंडम. हा शब्द इंग्रजीत दक्षिण भारतातून गेला. तमिळ 'कुरुंदम', संस्कृत 'कुरुविंद', आणि आपल्या मराठीतला 'कुरुंद' ही एकाच घरातली भावंडे. माणिक आणि नील ही रत्नेही रसायनाच्या दृष्टीने कुरुंदच, ॲल्युमिनियम ऑक्साईड. आजच्या भारी कंपाऊंडमध्ये जो कण मोटारीचा रंग कापतो, तोही बहुतेक वेळा हाच. म्हणजे आपले रत्नपारखी ज्या द्रव्याने खडे घासत आले, त्याच द्रव्याची कारखान्यात केलेली अतिसूक्ष्म पूड आज बॉनेटवर फिरते.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ज्याला इंग्रजीत 'लॅकर' म्हणतात तो शब्द पोर्तुगीजांमार्फत युरोपात पोहोचला आणि त्याच्या मुळाशी आपली 'लाख' आहे, संस्कृत 'लाक्षा'. सावंतवाडीच्या गंजिफांवर आणि पाटांवर दिसणारी लाखकामाची चमक आणि अमेरिकन मोटारीचा लॅकर यांचे रसायन पूर्णपणे वेगळे आहे, पण नाव एकच.

हेन्री फोर्डने वाळण्याच्या प्रश्नावर आपला तोडगा काढला. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे, हे आपल्याला ठाऊक असते. त्यामागे फोर्डचा हट्ट होता असे सांगितले जाते. हट्ट असेलही. पण त्याचे काळे इनॅमल डांबराच्या जातीचे होते, ते भट्टीत भाजून झटपट वाळवता येई, टिकाऊ होते आणि स्वस्त होते. डांबराला दुसरा रंग देता येत नाही. भट्टीच्या वेगाची किंमत म्हणून फोर्डने बाकीचे सगळे रंग सोडून दिले.

आता युद्धाकडे. कापसाला नायट्रिक आम्लाचा संस्कार केला की नायट्रोसेल्युलोज तयार होते. १८४० च्या दशकात बाझेल येथील क्रिस्टियान शोनबाइन याने त्याची स्फोटक शक्ती जगापुढे आणली आणि पुढे धूर न करणारी बंदुकीची दारू याच द्रव्यातून निघाली. पहिल्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांना ही दारू पुरवून अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनी प्रचंड वाढली. युद्ध संपले आणि अवाढव्य कारखाने रिकामे पडण्याची वेळ आली. दारू नको असेल तर नायट्रोसेल्युलोजचे दुसरे काय करता येईल, हा कंपनीपुढे जगण्यामरण्याचा प्रश्न होता. नायट्रोसेल्युलोज विद्रावकात विरघळवून त्याचा लेप देता येतो हे पूर्वीपासून माहीत होते, पण ते द्रावण फार दाट होई. फवारता येईल इतके पातळ केले की लेपात द्रव्यच उरत नसे. १९२० मध्ये न्यू जर्सीतील पार्लिन येथील ड्यूपॉन्टच्या रसायनज्ञांना दाटपणा कमी करण्याची युक्ती सापडली. आता पातळ द्रावणातही पुरेसे द्रव्य आणि रंगद्रव्य मावू लागले. १९२३ मध्ये हा लेप 'ड्युको' या नावाने बाजारात आला.

आपल्याकडे आजही सुतार आणि रंगारी फर्निचरला 'ड्युको' मारतात. हा शब्द तिथून आला.

ड्युकोला पहिले मोठे गिऱ्हाईक शोधायला फार लांब जावे लागले नाही. १९१७ पासून ड्यूपॉन्ट कंपनीने जनरल मोटर्सचे भरपूर शेअर घेतलेले होते आणि १९२० मध्ये पिएर ड्यूपॉन्ट स्वतः जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला. १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड मोटारी निळ्या ड्युकोत रंगून आल्या आणि रंगकामाचे आठवडे तासांवर आले. जनरल मोटर्सचा संशोधक चार्ल्स केटरिंग याच्याविषयी एक कथा सांगतात : रंगाला वेळ लागणारच असे मानणाऱ्या एका पाहुण्याला त्याने जेवायला नेले, जेवण आटोपून बाहेर आल्यावर पाहुण्याला आपली गाडी सापडेना, कारण तेवढ्या वेळात ती दुसऱ्या रंगात रंगवून ठेवली होती. कथा गोड आहे आणि अशा गोड कथांकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे दुरूनच पाहावे. परंतु ती ज्या बदलाविषयी आहे तो खरा आहे. रंग, दरवर्षी नवे मॉडेल आणि हप्त्यांची विक्री या तिहेरी बळावर जनरल मोटर्सने फोर्डला गाठले, आणि १९२७ मध्ये मॉडेल टीचे उत्पादन थांबले. (ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्सच्या या घरोब्याचा हिशेब पुढे न्यायालयात झाला. अमेरिकन सरकारने १९४९ मध्ये खटला भरला आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घरोबा स्पर्धेला मारक ठरवला. त्या निकालात मोटारीचा रंग आणि आसनांचे कापड हेच कळीचे पदार्थ होते.)

मेक्सिकन चित्रकार डेव्हिड अल्फारो सिकेरोस याने १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रयोगशाळा काढून हाच मोटारीचा रंग चित्रकलेत ओतला, शिंपडला, फवारला. त्या कार्यशाळेत जॅक्सन पोलॉक नावाचा एक तरुण होता. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

तर मग कंपाऊंड कुठे आले? येथे गोष्टीला कलाटणी मिळते. तेलाचे व्हार्निश सावकाश वाळते म्हणूनच त्याला स्वतःहून सपाट व्हायला वेळ मिळतो; ब्रशच्या रेषा विरून जातात आणि काचेसारखा पृष्ठभाग उरतो. ड्युको इतक्या झटपट वाळे की फवाऱ्याचे थेंब जिथे पडत तिथेच थिजत. वाळल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आणि मंद दिसे. म्हणजे रसायनाने वाळण्याचे आठवडे वाचवले खरे, पण चकाकीचे काम माणसाच्या हातावर टाकले. कारखान्यात मोटार रंगवून झाली की कामगारांच्या रांगा ती घासायला बसत. आधी ओल्या पॉलिश पेपरने, मग रबिंग कंपाऊंडने, मग पॉलिशने. जाहिरातींत ड्युकोच्या रंगांची नावे झळकली. घासणाऱ्या हातांचा उल्लेख त्यांत नसे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात 'वेळ वाचला' असे वाक्य दिसले की तो वेळ कोणाच्या वाट्याला गेला हे विचारावे, आणि त्याचे हे चोख उदाहरण आहे.

त्या हातांना आणखी एक किंमत मोजावी लागे. तेव्हाच्या रंगांत शिसे असे आणि कोरडे घासताना शिशाची धूळ छातीत जाई. १९२१ मध्ये फ्रान्सिस ओकी याने पाण्यात न विरघळणाऱ्या चिकट्याचा सँडपेपर तयार केला आणि तो मिनेसोटातील थ्री-एम कंपनीने बाजारात आणला. आपण ज्याला वॉटर पेपर म्हणतो तो हाच. तो मोटारकामात इतक्या लवकर रुजला, त्याचे एक कारण पाण्यामुळे धूळ दबते हे होते. याच कंपनीचा रिचर्ड ड्रू सँडपेपरचे नमुने घेऊन मोटार रंगवणाऱ्या दुकानांत जाई. दोन रंगांच्या मोटारींची तेव्हा हौस होती, आणि दोन रंगांमधली रेघ सरळ ठेवण्यासाठी लावलेले चिकट कागद काढताना ताजा रंगही सोलून येई. रंगाऱ्यांचा संताप ऐकून ड्रूने १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. व्हिडिओतल्या त्या बॉनेटवरची पट्टी ती हीच, आणि तिचा जन्मही याच दुकानांत झाला.

अपघर्षकांच्या जगातही मानवनिर्मित काळ सुरू झाला होता. एडवर्ड ॲचिसन याने १८९१ मध्ये पेन्सिल्व्हेनियात माती आणि कोळशाचे मिश्रण विजेच्या प्रवाहाने तापवले आणि त्याच्या हाती हिऱ्याच्या जवळपास कठीण असे सिलिकॉन कार्बाईडचे स्फटिक आले. कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग झाला असे समजून त्याने नाव दिले 'कार्बोरंडम'. नाव चुकीच्या समजुतीवर उभे होते, पण टिकले. पुढे नायगाऱ्याच्या स्वस्त विजेवर त्याचा कारखाना चालू लागला. त्यानंतर काही वर्षांतच बॉक्साईट वितळवून कृत्रिम कुरुंदही बनू लागला. खाणीतला दगड प्रत्येक गोणीत वेगळा निघतो. भट्टीतला कण हव्या त्या आकाराचा चाळून घेता येतो. कंपाऊंडचा सगळा पुढचा इतिहास या 'हव्या त्या आकारा'वर उभा आहे.

मोटार विकत घेतल्यावरही घासणे संपत नसे. नायट्रोसेल्युलोज उन्हाने खडूसारखे भुरकट होते. म्हणून वरचा मेलेला थर काढायचा आणि खालचा ताजा रंग उघडा करायचा, हे मालकाचे वर्षानुवर्षांचे काम झाले. शिकागोचे सिमोनिझ १९१० पासून बाजारात होते. त्याचे दोन डबे असत, एक साफ करणारा आणि दुसरा मेणाचा : आधी काढा, मग झाका. हे नाव इतके रुळले की अमेरिकन इंग्रजीत मोटार चमकवण्याचे ते क्रियापदच झाले.

आता तो जुना वाद. १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात न्यूटनने काचेच्या पॉलिशविषयी लिहिले आहे. त्याचे म्हणणे असे की वाळू किंवा ट्रिपोलीने घासून काचेचा कण न् कण गुळगुळीत होणे शक्यच नाही. घासणारी पूड जितकी बारीक, तितके ओरखडे बारीक, इतकेच काय ते होते, आणि अखेर ते डोळ्यांना दिसेनासे होतात. त्याच्याआधी रॉबर्ट हूकचाही कल हाच होता आणि त्याच्यानंतर जॉन हर्शेलचाही. थोडक्यात, पॉलिश म्हणजे न दिसणारे ओरखडे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे मत मागे पडले. १९०१ मध्ये लॉर्ड रॅले याने पॉलिशवर व्याख्यान देऊन असे सुचवले की शेवटच्या टप्प्यातील क्रिया खरवडण्याच्या जातीची नसून जवळजवळ रेणू-रेणूने द्रव्य निघून जाते. त्याच सुमारास जॉर्ज बिल्बी याने सूक्ष्मदर्शकाखाली पॉलिश केलेले धातू पाहिले आणि त्याला वाटले की पृष्ठभाग द्रवासारखा वाहतो, ओरखड्यांच्या दऱ्या भरून टाकतो आणि वर एक निराकार कातडे तयार होते. 'बिल्बी थर' हे त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले. १९३७ मध्ये केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी या मताला मोठा आधार दिला. त्यांचा प्रयोग फार देखणा आहे. कापूर धातूपेक्षा कितीतरी मऊ, पण तो सुमारे १७८ अंश सेल्सिअसला वितळतो. वुड्स मेटल हा मिश्रधातू ७० अंशांच्या आसपासच वितळतो. कापराने वुड्स मेटलला पॉलिश येते! मात्र कापराहून वरच्या तापमानाला वितळणाऱ्या कथिलाला कापराने पॉलिश येत नाही. म्हणजे घासणारा पदार्थ किती कठीण आहे यापेक्षा तो घासल्या जाणाऱ्या वस्तूच्या नंतर वितळतो की आधी, हे महत्त्वाचे. घर्षणाच्या उष्णतेने टोके मऊ होतात आणि पसरतात, असा निष्कर्ष निघाला.

इतका सुंदर प्रयोग झाल्यावर वाद मिटायला हवा होता. पण १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचा धातुशास्त्रज्ञ लेनर्ड सॅम्युएल्स याने पॉलिश केलेले धातू अगदी तिरके कापून त्यांचे छेद पाहिले. तिरक्या छेदात उंची ताणून मोठी दिसते, त्यामुळे पृष्ठभागाखाली काय झाले आहे ते उघड होते. त्याला वाहून भरलेल्या दऱ्या दिसल्या नाहीत. दिसले ते ओरखडेच, फक्त अधिकाधिक उथळ होत गेलेले. कण पुरेसा टोकदार आणि योग्य कोनात असेल तर तो रंध्याप्रमाणे सूक्ष्म छिलका काढतो. नसेल तर नुसता चर पाडून द्रव्य बाजूला सारतो. अपघर्षण आणि पॉलिश यांच्यात त्याला मूलभूत फरक आढळला नाही. न्यूटन बऱ्याच अंशी बरोबर निघाला. मऊ प्लास्टिकसारख्या पदार्थांत आणि फार उष्णता झाली तर वाहण्याची क्रियाही होते, त्यामुळे बाउडनचा प्रयोग वाया गेला असे मला वाटत नाही; पण बॉनेटवरच्या कंपाऊंडला 'कट' हा शब्द शोभतो, हे सॅम्युएल्समुळे ठामपणे म्हणता येते.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. ओरखडा याहून खूपच उथळ झाला की प्रकाश त्याला जुमानत नाही आणि आरशासारखा परततो. खोल असेल तर तो प्रकाश विखुरतो, आणि काळ्या रंगावर हा विखुरलेला प्रकाश लगेच डोळ्यांत भरतो. उन्हात काळ्या मोटारीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल जाळे दिसते ना? ओरखडे प्रत्यक्षात सगळ्या दिशांना असतात. पण त्यांतले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. रात्री दिव्यासमोरच्या पर्णहीन झाडाच्या फांद्याही अशाच दिव्याभोवती गोल फिरल्यासारख्या वाटतात.

मोटारीचे रंग दरम्यान बदलत होते. १९३० च्या दशकात फोर्डसह अनेकांनी अल्किड इनॅमल स्वीकारले. ते भट्टीतून चकाकतच बाहेर येई. जनरल मोटर्स मात्र लॅकरवर ठाम राहिली आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकरकडे वळली. त्यातली युक्ती मला विशेष आवडते : लेप अर्धवट भाजायचा, दोष वॉटर पेपरने घासून काढायचे आणि पुन्हा भाजायचा. उष्णतेने लेप किंचित वाहतो आणि घासल्याच्या खुणा आपोआप बुजतात. बिल्बीची कल्पना येथे भट्टीत खरी करून दाखवली, आणि घासणाऱ्यांच्या रांगा ओसरल्या.

लॅकरचा शेवट हवेने केला. लॅकरमध्ये फवारा उडेपर्यंत बहुतांश भाग विद्रावकाचाच असतो आणि तो सगळा उडून हवेत जातो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला या बाष्पांचा हातभार होता. तेथे १९६६ चा 'रूल ६६' आला, मग १९७० चा देशव्यापी स्वच्छ हवा कायदा. दुसरीकडे, १९३७ मध्ये ऑटो बायरने लेव्हरकुसेन येथे शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या रसायनातून दोन घटक मिसळून घट्ट होणारे रंग निघाले होते. १९८० च्या दशकापर्यंत आज सर्वत्र दिसणारी रचना रुळली : खाली पातळ रंगीत थर, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. लॅकर वाळतो तेव्हा फक्त विद्रावक उडतो. थिनर लावला की तो पुन्हा विरघळतो. क्लिअर कोटमधले रेणू मात्र एकमेकांशी बांधले जाऊन जाळे होते. ते ना विरघळते, ना भट्टीत पुन्हा वाहते.

जुन्या कंपाऊंडची येथे फजिती झाली. लॅकरसाठी केलेले जाडे कण या कठीण थरावर खोल चर पाडत आणि ते चर पुढच्या पॉलिशला आवरत नसत. लॅकरमध्ये रंगद्रव्य असल्याने बारीक खुणा लपून जात. पारदर्शक थर काहीच लपवत नाही. त्यामुळे भराभर कापणारे आणि तरीही बारीक खूण ठेवणारे कंपाऊंड हवे झाले. दोन्ही गुण एकमेकांचे वैरी. यावर जो तोडगा निघाला तो म्हणजे फुटणारा कण. बारीक कणांचे सैलसर गोळे करायचे. सुरुवातीला गोळा मोठ्या कणासारखा कापतो. दाबाखाली तो फुटत जातो आणि कापणे आपोआप बारीक होते. म्हणूनच मशीन घाईने मध्येच उचलले तर धुके राहते आणि गोळे पूर्ण फुटेपर्यंत फिरवले तर चकाकी येते. पुढे ॲल्युमिनाचे एकसारखे बारीक कण बनवता येऊ लागल्यावर न फुटणारी कंपाऊंडेही आली. त्यांत वेग कणाच्या मोठेपणाऐवजी कणांच्या संख्येतून मिळतो.

रंगकामाच्या दुकानात पी-१५०० च्या वॉटर पेपरने धुळीचे दाणे काढले की त्या खुणा फास्ट-कट कंपाऊंडने पुसाव्यात, अशी अपेक्षा असते. त्या कागदावरचा कण साधारण साडेबारा मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लोकरी पॅडचे मशीन मिनिटाला हजार ते दोन हजार फेऱ्यांनी फिरते. लोकरीचा प्रत्येक धागा कण पकडून ओढतो, म्हणून ती फोमपेक्षा जोरात कापते. ते एका जागी थांबवायचे नाही, कडांवर आणि दाराच्या घडीवर नेताना पट्टी लावायची. कडेवर लेप मुळातच पातळ बसतो आणि दाबही तेवढ्याच रेघेवर एकवटतो, त्यामुळे दोन क्षणांत खालचा पत्रा दिसू शकतो. डब्यावर 'सिलिकोनविरहित' का लिहिलेले असते, तर सिलिकोनचा अंश राहिला की पुढचा रंग त्या जागेपासून पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

आता हिशेब मांडू. कारखान्यातून आलेल्या मोटारीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. जोरकस कंपाऊंडचा प्रत्येक हात त्यातले थोडे घेऊन जातो आणि गेलेले परत येत नाही. खोल ओरखडा नाहीसा करायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा लेप खाली आणायचा. दरवर्षी हौसेने मोटार 'नवी' करून घेणारा मालक तिची कातडी दरवर्षी खर्च करत असतो. मापन करणारे यंत्र जवळ ठेवणारा कारागीर म्हणूनच कधी कधी सांगतो की हा ओरखडा राहू द्या. गिऱ्हाइकाला ते आवडत नाही. तेलकट ग्लेझ लावून ओरखडा बुजवून देणारा शेजारचा दुकानदार त्याला जास्त हुशार वाटतो. दोन-चार धुण्यांत ग्लेझ निघून जाते, तोवर पैसे चुकते झालेले असतात.

ऐतिहासिक मोटारींच्या बाबतीत हा हिशेब आणखी कडक होतो. १९२० च्या दशकातील मोटारीवर मूळ ड्युको उरला असेल तर तो स्वतःच एक दस्तऐवज आहे : कोणते रंगद्रव्य, किती हात, कारखान्यात कुठल्या दिशेने घासले. एकथरी जुन्या रंगावर कंपाऊंड फिरवले की पॅड निळे किंवा तांबडे होते. ती निळाई म्हणजे पुरावाच. पूर्वी प्रदर्शनांत अशा मोटारी सरसकट नव्याने रंगवून आरशासारख्या करत. आता न रंगवलेल्या मूळ मोटारींसाठी स्वतंत्र स्पर्धावर्ग असतात आणि ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने, 'फीवा'ने, स्वीकारलेला ट्यूरिन चार्टर मूळ द्रव्य शक्य तितके जपण्यावर भर देतो.

हे वाचून आपल्या संग्रहातल्या तांब्याच्या शिवराईची आठवण झाली असेल, तर धागा योग्य ठिकाणी आला आहे. चिंच-मीठ लावून किंवा पितळेच्या पॉलिशने घासून शिवराई लखलखीत केल्याची छायाचित्रे येथे दर आठवड्याला दिसतात. आम्लाने तांब्यावरचा जो काळपट-हिरवट थर निघतो तो त्या नाण्याचेच तांबे असते, शतकांत रूप बदललेले. घासायच्या पुडीने निघते ते तर अक्षरांच्या कडांवरचे उरलेसुरले तांबे. 'छत्रपती'मधली एखादी अर्धवट पुसट वेलांटी आज भिंगाखाली वाचता येते. मोटारीच्या कडेप्रमाणेच अक्षराच्या उंचवट्यावर दाब एकवटतो आणि सर्वांत आधी तोच जातो. नाणे हाती आले की आधी तिरक्या उजेडात दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे, वजन नोंदवावे आणि ते कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे. ज्यांच्याकडे न घासलेल्या शिवराया आहेत त्यांनी अशी छायाचित्रे खाली जोडावीत. त्यांच्यावरच्या अक्षरांच्या घडणीविषयी पुढचा धागा लिहिण्याचा विचार आहे.